घोडनदीच्या कांठचीं घरें

शिरूर गांवाला जुने लोक घोडनदी म्हणतात. पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणारा रस्ता जेथें घोड नदी ओलांडतो, तेथें हें गांव वसलें आहे. नदी पुढें तशीच खालीं वाहत जाऊन भीमेला मिळते. त्या संगमाच्या अलीकडे, तिच्या उजव्या कांठीं, इनामगांव म्हणून एक खेडें आहे. पुण्यापासून तें ८०-९० किलोमीटर पडतें. या इनामगांवच्या शिवारांत, नदीला लागून, कांहीं टेकाडें आहेत. भोंवतालचें रान काळें आणि हीं टेकाडें मात्र पांढुरकीं. आपल्या शेतकऱ्याच्या भाषेंत पिकाची जमीन ती 'काळी' आणि गांवठाणाची ती 'पांढरी'. पिढ्यान्पिढ्यांची राख, शेणमाती आणि पडक्या भिंतींचा चुरा मिसळून जमिनीला तो रंग येतो. म्हणून ज्या रानांत एकही घर नाहीं तेथें पांढर दिसली, कीं जाणत्यानें समजावें, कोणे एके काळीं येथें चुली पेटत होत्या.

या पांढरींत पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं इ. स. १९६८ मध्यें कुदळ घातली, आणि १९८३ पर्यंत बारा हंगाम तेथें खोदकाम चाललें. डॉ. हसमुख सांकळिया, डॉ. अन्सारी आणि डॉ. मधुकर ढवळीकर हे त्या कामाचे धुरीण. उत्खनन म्हटलें कीं शिलालेख, नाण्यांचे हंडे, एखादी भग्न पाषाणमूर्ति, अशा वस्तूंची लोकांस अपेक्षा असते. इनामगांवीं यांतलें कांहींएक निघालें नाहीं. निघालीं तीं १३० हून अधिक घरें, त्यांतल्या चुली, धान्याचीं पेंवें, जळालेले दाणे, फुटकीं भांडीं, जनावरांचीं हाडें आणि २०० हून अधिक दफनें. राजाचा इतिहास लिहावयाचा असता तर ही सामग्री अगदींच दरिद्री ठरली असती. घरसंसाराचा इतिहास लिहावयाचा असेल, तर तिच्याइतकी श्रीमंत सामग्री या देशांत फार थोड्या ठिकाणीं हातीं आली आहे.

या ठिकाणीं पहिली वस्ती झाली ती इ. स. पूर्व १६०० च्या सुमारास, आणि शेवटचें घर ओस पडलें तें इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास. या ९०० वर्षांचे तीन थर पडतात. सर्वांत खालचीं भांडीं माळव्यांतल्या भांड्यांशीं जुळतात म्हणून तो माळवा काल. इ. स. पूर्व १४०० पासून १००० पर्यंतचा तो पूर्व जोर्वे, आणि त्यानंतरचा तो उत्तर जोर्वे. जोर्वे हें संगमनेर तालुक्यांतलें प्रवरेकांठचें गांव. १९५०-५१ मध्यें तेथें खोदतांना या धर्तीचीं तांबडीं भांडीं प्रथम मिळालीं आणि त्या गांवाचें नांव या सबंध संस्कृतीला चिकटलें. तें नांव आपण दिलेलें आहे. ते लोक स्वतःला काय म्हणवीत, त्यांच्या गांवाचें नांव काय, आईला हांक कशी मारीत, यांतला एक शब्दही उरलेला नाहीं. त्यांना लिहितां येत नव्हतें, आणि त्यांच्याविषयीं लिहून ठेवणारा दुसरा कोणीही त्या काळीं या बाजूला नव्हता.

ही उणीव केवढी मोठी आहे, हें कळण्यासाठीं क्षणभर पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जावें लागेल. मेक्सिकोंतील आझ्टेक लोकांना 'प्राचीन' म्हणण्याचा प्रघात आपल्याकडे पडला आहे. वस्तुतः त्यांची राजधानी तेनोच्तित्लान ही वसली इ. स. १३२५ मध्यें, इकडे विजयनगर १३३६ मध्यें आणि बहामनी राज्य १३४७ मध्यें स्थापन झालें. कोर्तेस नांवाच्या स्पॅनिश सरदारानें तें नगर घेतलें १५२१ सालीं, म्हणजे पानिपतच्या पहिल्या लढाईच्या अवघीं पांच वर्षें आधीं. घोडनदीचें गांव ओस पडून तोंवर दोन हजार वर्षें होऊन गेलीं होतीं. आझ्टेकांचीं देवळें पाडलीं गेलीं, चित्रपोथ्या जाळल्या गेल्या. पण १५२९ सालीं तेथें गेलेल्या सहागून नांवाच्या एका पाद्र्यानें पुढें वर्षानुवर्षें खपून वृद्ध आझ्टेकांना प्रश्न विचारले आणि त्यांचीं उत्तरें त्यांच्याच नाहुआत्ल भाषेंत उतरवून घेतलीं. त्याचा ग्रंथ बारा भागांचा आहे. बाजारांत कोण काय विकी, सुईण नवजात बाळाला न्हाऊ घालतांना काय बोले, बाप वयांत आलेल्या मुलाला काय समजावी, हें सारें त्यांत आहे. जेत्यांच्याच गोटांतल्या एका माणसानें हें काम करावें, हा इतिहासांतला एक चमत्कारिक न्याय म्हटला पाहिजे. घोडनदीच्या लोकांना असा सहागून भेटला नाहीं. त्यांच्या वतीनें बोलावयाचें तें चुलीनें, पेंवानें आणि मडक्यानें.

आणि तीं बोलतात. पूर्व जोर्वे काळांतलें घर चौकोनी, कोपरे किंचित् वळविलेले, खालीं मातीची ठेंगणी भिंत, तिच्यावर कुडाचें सारवलेलें अंग आणि वर गवताचें छप्पर. घरें ओळीनें बांधलेलीं असून दोन घरांमध्यें सुमारें दीड मीटर बोळ सोडलेला असे. आंत आडभिंत घालून माजघर आणि ओसरी वेगळी करण्याची रीति होती. जमीन चोपलेली. कोपऱ्यांत चूल, अंगणांत एक मोठा लांबट आगटीचा खड्डा, त्यांत मांस भाजीत असत. धान्य ठेवण्याची व्यवस्था पाहिली म्हणजे तर तीन हजार वर्षांचें अंतर क्षणांत विसरावयास होतें. जमिनींत खोल पेंव, आंतून चुन्यानें लिंपलेलें. आणि वर मातीच्या वाटोळ्या ओट्यांवर मोठाल्या कणग्या. कालपरवांपर्यंत देशावरच्या कुठल्याही सुखवस्तु कुणब्याच्या घरीं हीच मांडणी होती. घरें कोसळतात, राज्यें जातात. धान्याला ओल लागूं नये ही काळजी मात्र तशीच राहते.

स्वयंपाकघरांत डोकावलें तर आजच्या गृहिणीला पाट्यासारखे दगड ओळखूं येतील. आझ्टेकांच्या घरांतही असाच पाटा असे आणि तिकडच्या बायका गुडघे टेकून त्यावर मका वाटीत. जातें मात्र दोन्हीकडे दिसणार नाहीं. दोन तळ्यांचें फिरतें जातें आपल्याकडे त्यानंतर कित्येक शतकांनीं आलें. तेव्हां जात्यावरची ओवीही त्या घरांतून कधीं ऐकूं आली नसावी. जव हें मुख्य धान्य. त्याच्या जोडीला गहूं, मसूर, वाटाणा, कुळीथ, वाल, लाख. तांदळाचेही कांहीं दाणे मिळाले आहेत. हे दाणे टिकले ते जळाल्यामुळें. एखाद्या सुनेच्या हातून दाणे चुलींत सांडले, त्याबद्दल तिनें कदाचित् बोलणींही खाल्लीं असतील; आज तेच दाणे या लोकांच्या आहाराचा पुरावा होऊन बसले आहेत. रानांतलीं बोरें त्यांना आवडत, हें बोरांच्या बियांवरून कळतें. त्या पानांत मिरची नव्हती, मका नव्हता, टोमॅटो नव्हता. कारण या तीनही वस्तु अमेरिका खंडांतल्या, तिकडे आझ्टेकांच्या रोजच्या जेवणांतल्या, आणि आपल्याकडे त्या आल्या सोळाव्या शतकापासून पुढें, युरोपी जहाजांच्या मार्गानें. 'टोमॅटो' हा शब्दही मूळचा नाहुआत्लच. झणझणीत तिखट हेंच ज्यांना मराठी जेवणाचें सनातन लक्षण वाटतें, त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

मांसाविषयीं बोलतांना कांहीं घरांत संकोच वाटेल, पण हाडें कोणाची भीड धरीत नाहींत. गाईबैल, म्हशी, शेळ्यामेंढ्या, डुकरें, शिवाय हरणें, ससे, कांसवें, मासे, या सर्वांचीं हाडें तेथें मिळालीं आणि त्यांतल्या गुरांच्या हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत. तो काळ, ते लोक आणि त्यांचे आचार वेगळे होते. आपले आजचे आचार त्यांच्यावर लादून पाहणें हें जितकें अनैतिहासिक, तितकेंच त्यांच्या आचारावरून आपल्याला हिणवणेंही अनैतिहासिक.

बैल त्यांना नुसता खाण्याकरितां नव्हता. एका मडक्यावर कोणी बैलगाडीचें चित्र कोरून ठेवलें आहे. रेघा वेड्यावांकड्या आहेत, पण बैल आणि गाडी ओळखूं येते. आझ्टेक या बाबतींत मागें राहिले, आणि त्याला कारण त्यांची बुद्धि नव्हे, त्यांची भूमि होय. त्या खंडांत ओढकाम करणारें जनावरच त्यांना लाभलें नव्हतें. चाकें लावलेलीं खेळणीं मेक्सिकोंत मिळालीं आहेत, पण गाडी नाहीं. सारा माल हमालांच्या पाठीवरून जाई. कुंभाराचें फिरतें चाकही त्यांच्याकडे नव्हतें. जोर्व्याचीं भांडीं चाकावरचीं, पातळ अंगाचीं, इतकीं खणखणीत भाजलेलीं कीं टिचकी मारली असतां धातूसारखा आवाज येतो. तांबड्या अंगावर काळ्या रंगाच्या रेघा, त्रिकोण, जाळ्या. लांब तोटी असलेला एक घडा तर या संस्कृतीची खूणच होऊन बसला आहे.

एका गोष्टींत मात्र या दोन समाजांचें आश्चर्यकारक साम्य आहे. दोघांजवळही तांबें होतें, पण थोडें, आणि लोखंड नव्हतें. म्हणून धार हवी असेल तेव्हां दोघेही दगडाकडेच वळले. आझ्टेक ज्वालामुखीची काळी कांच वापरीत. इनामगांवचे लोक आपल्या नद्यांतून विपुल मिळणारी कॅल्सेडनी नांवाची गार वापरीत. गारेच्या गोळ्यावर आधीं एक सरळ कणा उठवावयाचा, आणि मग त्या कण्याच्या रेषेनें दाब देऊन एकामागून एक लांबट, पातळ पातीं सोलून काढावयाचीं. तीं लांकडाच्या किंवा हाडाच्या खांचेंत ओळीनें बसविलीं कीं विळा तयार. तांब्याच्या कुऱ्हाडी, छिन्न्या, मासे धरण्याचे गळ मिळाले आहेत, पण ते मोजके. दागिन्यांत तांबें आणि क्वचित् सोनेंही दिसतें. मणी मात्र सर्रास. त्यांच्या वस्त्राचा एकही तुकडा या मातींत टिकला नाहीं. तरी पण याच घोडनदीच्या वरच्या अंगाला, चांडोलीस, तांब्याच्या मण्यांमध्यें अळशीच्या तंतूचा दोरा सांपडला, आणि नेवाशास एका बालकाच्या गळ्यांतल्या मण्यांत रेशीम व कापूस मिळून कांतलेला दोरा सांपडला. तांब्याच्या गंजानें तो राखला. एरव्हीं हे लोक काय नेसत, याचा अंदाजही करतां आला नसता.

गांवाचें सर्वांत मोठें सामुदायिक काम म्हणजे नदीच्या पाण्याचा पाट. सुमारें २०० मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि साडेतीन मीटर खोल असा हा चर, आणि त्याच्या बाजूला सुमारें २४० मीटर लांबीचा दगडमातीचा बांध. पुराचें पाणी अडवून तें शेताकडे वळविण्यासाठीं हा खटाटोप असावा असें उत्खननकारांचें मत आहे. गहूं पिकूं लागला तो त्याच काळांत. लोखंडी पहार नाहीं, फावडें नाहीं. अशा स्थितींत हें काम एका घरानें होणारें नव्हे. कोणीतरी माणसें गोळा केलीं, कोणीतरी रेषा आंखून दिली, काम चाललें असतां कोणीतरी त्यांच्या पोटाची व्यवस्था पाहिली.

हा 'कोणीतरी' कोण? गांवाच्या मध्यभागीं पांच खोल्यांचें एक घर मिळालें, आणि त्याच्या शेजारींच एक कोठार. कुंभार, सोनार, चुना भाजणारे यांचीं घरें पश्चिमेच्या कडेला, आणि मध्यभागीं मोठ्या शेतकऱ्यांचीं. यावरून डॉ. ढवळीकरांनीं असें अनुमान केलें, कीं गांवाला एक प्रमुख होता आणि लोक त्याच्याकडे धान्याचा वाटा भरीत. अनुमान मोहक आहे. त्यांत एक पाटील, एक कुलकर्णी आणि बारा बलुतेदार आपोआप दिसूं लागतात, आणि तेथेंच सावध राहिलें पाहिजे. पांच खोल्या आणि एक कोठार एवढ्यावरून प्रमुख म्हणतां येईल. त्याची सत्ता किती, ती बापाकडून मुलाकडे जाई कीं कसें, हें त्या भिंती सांगत नाहींत.

त्याच घराच्या अंगणांत मात्र एक विलक्षण दफन निघालें. कच्च्या मातीचा, चार पायांचा, पोट फुगलेला एक रांजण. आणि त्याच्या आंत पाय दुमडून बसविलेला सुमारें चाळीस वर्षांचा पुरुष. त्याच्या जवळ ठेवलेल्या एका भांड्यावर लांब वल्ह्यांच्या होडीचें चित्र आहे. घोडनदीला पावसाळ्यांत होडी लागते, हें खरें; पण मृताजवळ होडी कां, याचें उत्तर ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं द्यावें. त्याचा वेगळेपणा केवळ रांजणापुरता नाहीं. या गांवांतल्या इतर प्रौढ माणसांना उत्तरेकडे डोकें करून जमिनींत आडवें निजवीत, आणि पुरण्यापूर्वीं त्यांचीं पाउलें घोट्याच्या वर तोडून टाकीत. या एका माणसाचीं पाउलें शाबूत आहेत. पाउलें तोडण्यामागें मृतानें उठून भलतीकडे चालूं लागूं नये, घरचें माणूस घरींच राहावें, अशी समजूत असावी असें म्हणतात. आपल्याकडे प्रेताच्या पायांचे अंगठे बांधतात, त्याची येथें आठवण होते. परंतु आठवण होणें म्हणजे पुरावा नव्हे.

देवाविषयीं तर आणखीच जपून बोलावयास हवें. एका घराच्या कोपऱ्यांत, जमिनीखालीं, झांकण असलेली मातीची एक लंबगोल पेटी पुरलेली मिळाली. आंत एका स्त्रीची मूर्ति, तिला डोकें नाहीं; झांकणावर दुसरी एक डोकें असलेली स्त्री आणि एक बैल. शिर नसलेल्या मूर्तीच्या पोटांत एक भोंक आहे आणि बैलाच्या पाठीवर तसेंच दुसरें. काडी घातली कीं देवी बैलावर बसते. सर्व कच्च्या मातीचें, हाताएवढें. मेक्सिको शहरांत १७९० सालीं कोआत्लिक्वे देवीची जी प्रचंड मूर्ति निघाली, तिलाही मस्तक नाहीं. छाटलेल्या मानेंतून दोन सर्प वर आले आहेत. ती पाषाणाची, अडीच मीटरांहून उंच, पाहणाराच्या उरांत धडकी भरविणारी. इनामगांवची देवी एखाद्या आईनें स्वतःच्या हातानें वळलेली वाटते. तीन हजारांहून अधिक वर्षें ती न भाजतां टिकली, याचें कारण तिला कोणी पुन्हां हात लावला नाहीं.

ती कशासाठीं पुरली असेल, याचा विचार करतांना या गांवांतली सर्वांत दुःखाची गोष्ट सांगणें प्राप्त आहे. इनामगांवीं जीं दफनें मिळालीं, त्यांतलीं बहुतेक लहान मुलांचीं आहेत. मूल गेलें कीं त्याला गांवाबाहेर नेत नसत. घरांतलीच जमीन, नाहीं तर अंगण, उकरीत. हातानें घडविलेले दोन जाड, ओबडधोबड कुंभ घेत, त्यांत मूल ठेवीत, आणि दोन्ही कुंभांचीं तोंडें एकमेकांस भिडवून ते दक्षिणोत्तर आडवे निजवीत. शेजारीं एक वाडगा आणि तोटीचें एक लहान भांडें, तें मात्र रंगविलेलें, चांगल्यापैकीं. मग माती लोटून वर जमीन सारवली जाई आणि त्याच जमिनीवर दुसऱ्या दिवशीं संसार सुरू होई. कांहीं घरांत अशा कुंभांची एक जोडी नाहीं, अधिक निघाल्या. त्या घरांतली बाई रोज ज्या जागेवर बसून दळीत असेल, तिच्या हातभर खालीं काय आहे हें तिला ठाऊक होतें.

येथें पुन्हां सहागूनच्या ग्रंथाकडे वळावेंसें वाटतें. आझ्टेक लोकही तान्ह्या मुलांना घराजवळच, मक्याच्या कणगीपाशीं पुरीत, असें त्या वृद्धांनीं त्याला सांगितलें; आणि त्याचें कारणही सांगितलें. तान्हें मूल रत्नासारखें निर्मळ असतें, म्हणून तें मेलेल्यांच्या भयाण लोकीं जात नाहीं. अन्नदात्या देवाच्या बागेंत एक वृक्ष आहे; तेथें तें राहतें आणि त्या वृक्षाला लुचून वाढतें. कणगीशेजारीं पुरावयाचें तें एवढ्याचसाठीं, कीं जेथें अन्न आहे तेथें तें असावें.

म्हणजे एका जातीच्या आईनें मुलाला कणगीपाशीं ठेवलें, तें कोठें जातें हें तिनें सांगितलें, आणि तें लिहिलें गेलें. दुसऱ्या जातीच्या आईनें मुलाला दोन कुंभांच्या कुशींत ठेवलें आणि तिचे शब्द वाऱ्यावर गेले. कुंभांचीं तोंडें जोडल्यावर जी आकृति होते ती गर्भाशयासारखी दिसते, असें कांहीं अभ्यासक म्हणतात. कोणी म्हणतो, मूल फिरून त्याच घरांत जन्माला यावें अशी आशा त्यांत असेल. यांतलें कांहींही असूं शकेल. आझ्टेकांचा दुधाचा वृक्ष उचलून इनामगांवांत लावण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे, कारण दुःख सर्वत्र सारखें असलें तरी त्याचें समाधान प्रत्येक जात आपापल्या बोलींत करून घेते, आणि ती बोलीच येथें नष्ट झाली आहे. जें निश्चित आहे तें एवढेंच: वाडगा रंगविलेला ठेवला, ओबडधोबड ठेवला नाहीं.

इ. स. पूर्व १००० नंतर गांवाची कळा उतरूं लागली. मोठ्या चौकोनी घरांच्या जागीं लहान, गोल झोपड्या आल्या. ओळी मोडल्या, चारदोन झोपड्या एकत्र कोंडाळें करून राहूं लागल्या. आजही फिरते मेंढपाळ दिवाळीनंतर ज्या तऱ्हेचे आडोसे उभारतात, त्या तऱ्हेच्या या झोपड्या. भांडीं जाडींभरडीं झालीं. शेती आंखडली, शेळ्यामेंढ्या वाढल्या, हरणांची शिकार वाढली. या काळांतल्या माणसांच्या दांतांना कीड कमी लागलेली आढळते. ऐकणाराला हें सुलक्षण वाटेल. पण दांत तपासणारे सांगतात, कीं पिष्टमय धान्य पोटांत कमी जात होतें म्हणून दांत चांगले राहिले. पाऊस कमी होत गेला आणि त्यानें हें गांव मोडलें, असें डॉ. ढवळीकरांचें प्रतिपादन आहे. पुढें मुलांच्या हाडांचा बारकाईनें अभ्यास झाला, त्यांत वाढ खुंटल्याच्या खुणा स्पष्ट दिसल्या. तरी सर्व दोष एकट्या पावसावर ढकलणें सर्वच अभ्यासकांना मान्य नाहीं. जमीन थकली असेल, गुरांनीं रान उजाड केलें असेल, पाटाची डागडुजी करण्याइतकी एकी उरली नसेल. शिरूर तालुका हा पर्जन्यछायेंतला. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हां इनामगांवचें खोदकाम चालू होतें. जे मजूर ती पांढर खणीत होते त्यांना पाऊस न येणें म्हणजे काय, हें कोणी समजावून सांगावयास नको होतें.

इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास शेवटचीं माणसें निघून गेलीं. कोठें गेलीं, हें त्या मातींत नाहीं. त्या शेवटल्या गरिबीच्या थरांतही, गोल झोपड्यांच्या तळीं, कुंभांच्या जोड्या तशाच निघाल्या: तोंडाला तोंड लावून, दक्षिणोत्तर, शेजारीं एक वाडगा.